धान्यकोठीच्या पत्र्याची कड : घासण्याच्या साधनाची निवड

जस्ती पत्र्याच्या कोठीत धान्य चांगले टिकते. परंतु तिच्या तोंडाची कड नीट घासलेली नसेल, तर धान्य काढताना हात कापतो. पत्रा कातरताना किंवा त्याला भोक पाडताना कडेवर धातूची बारीक, धारदार कोर उभी राहते. ती काढणे अवश्य आहे. मात्र जस्ताचा थर शाबूत राखणेही तितकेच अगत्याचे आहे. जस्त स्वतः झिजून शेजारच्या उघड्या लोखंडाचे गंजापासून रक्षण करते. म्हणून फक्त कोर घासावी, पत्रा घासू नये.

या कामाची साधने मुख्यतः तीन प्रकारची असतात.

१. ग्राइंडरचे कठीण चाक : हे जाड लोखंडी पट्टी व वेल्डिंगचे उंचवटे यांसाठी योग्य. कोठीचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरहून पातळ असतो. त्यावर हे चाक चरे पाडते, पत्रा तापून वाकतो व जस्त निघून जाते.

२. पाकळ्यांची चकती : खरकागदाच्या पाकळ्यांमुळे ही थोडी दबते. कोर मोठी असल्यास १२० क्रमांकाची चकती हलक्या हाताने वापरावी. क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक.

३. तंतूंची घासणी : नायलॉनच्या तंतूंत घासकण बसविलेली ही मऊ घासणी कडेच्या आकाराप्रमाणे वळते व कमी धातू काढते. पातळ जस्ती पत्र्यासाठी हीच पहिली निवड होय.

चकतीवर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी असता कामा नये. अन्यथा चकती फुटून इजा होते. कापण्याची पातळ चकती घासण्यासाठी कधीही वापरू नये. चकती कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरेल अशी धरावी. कडेवर आदळल्यास ती फाटते. डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर मुखपट्टी असावी आणि काम उघड्या जागेत करावे.

शेवटी कडेवरून सुती चिंधी फिरवावी. धागा अडकला, तर कोर शिल्लक आहे असे समजावे. जेथे जस्त निघाले असेल, तेथे कोठीच्या बाहेरील बाजूस जस्तयुक्त रंग लावावा. धान्य भरण्यापूर्वी आतील धातूचा कीस व घासकण पूर्णपणे पुसून काढावेत. कोठी ताब्यात घेताना ही चिंधीची चाचणी ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना करून दाखवावी.