‘प्रेस’ म्हणजे काय काय?

अकोल्याला किंवा अमरावतीला कोणी ‘प्रेसमध्ये गेलो होतो’ म्हणाला, तर तो छापखान्यात गेला होता की कापसाच्या गठाणी बांधतात तिथे, हे विचारूनच घ्यावे लागते. ‘जिन’ आणि ‘प्रेस’ हे शब्द आपल्या वऱ्हाडात शाळेची पायरी न चढलेल्यांच्याही तोंडी आहेत. जिनात रुई आणि सरकी वेगळी होते. प्रेसमध्ये रुई दाबून तिची गठाण बांधतात. आजची गठाण 170 किलोची, तिला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. फुललेली रुई तशीच भरली तर गाडी भरेल, पण वजन भरायचे नाही. म्हणून हा दाब.

तर ‘प्रेस’चा मूळ अर्थ दाबणे. युरोपात द्राक्षांचा रस काढायला मळसूत्राचे दाबयंत्र असे. पंधराव्या शतकात गुटेनबर्गने त्याच जातीचे यंत्र कागदावर अक्षरे उमटवायला लावले. त्यावरून छापखाना ‘प्रेस’ झाला आणि पुढे वर्तमानपत्रेही. कपड्यांना प्रेस करणे म्हणजे इस्त्री करणे, हे सांगायला नको. मात्र आपण ‘बातमी दाबली’ म्हणतो, तिथे इंग्रजीत ‘प्रेस’ चालत नाही, ‘सप्रेस’ लागते. आणि ‘दाबून जेवलो’ म्हणायला तर हे क्रियापद काहीच कामाचे नाही!

दाब नेहमी हातानेच द्यावा लागतो असे नाही. शब्दांनीही देता येतो. ‘प्रेसिंग’ काम म्हणजे तातडीचे काम. मागणी ‘प्रेस’ करणे म्हणजे ती नेटाने लावून धरणे. हा अर्थ मुलांना परीक्षेपुरता वाटतो, पण खरी गरज त्यांच्या वडिलांना पडते. अकोला-अमरावतीची अपिले उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातात आणि तिथले निकाल इंग्रजीत असतात. एखाद्या अर्जावर ‘नॉट प्रेस्ड’ असा शेरा येतो. शेतकरी समजतो, कोर्टाने आपले म्हणणे ऐकून खोटे ठरवले. तसे नव्हे. आपल्या बाजूने ती मागणी लावून धरली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा झालेला नसतो.

तेव्हा नकलेत हे दोन शब्द दिसले, तर वकीलसाहेबांना सरळ विचारावे: कोणती मागणी सोडली, कशासाठी सोडली, आणि ती पुन्हा मांडता येईल काय?