सातबारा नसलेली माती कोण जपणार?

‘पर्यावरण’ हा शब्द निघाला की आपल्या वस्तीतले बरेच जण म्हणतात, “हा भरल्या पोटाच्या माणसांचा विषय आहे.” आम्हाला तसे वाटत नाही. पाऊस पंधरा दिवस लांबला तर पहिला रोज कोणाचा बुडतो? निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या आपल्या मायबहिणींचा. गारपिटीने हरभरा झोपला तर मालकाचे नुकसान होते, पण मजुराची चूलच विझते. गावात काम नसले की बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जाणारे किंवा मुंबई-पुण्याच्या नाक्यावर कामासाठी उभे राहणारे आपलेच भाऊबंद असतात. तेव्हा माती आणि हवामान हा विषय आधी आपला आहे.

आम्ही पडलो कॉमर्सवाले. दिवसभर खतावणीत डोके घालून बसणारे. मातीकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो. माती हे मुद्दल आणि पीक हे त्यावरचे व्याज. बोटभर जाडीचा सुपीक थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, पण उताराच्या उघड्या रानातून तो थोड्याच पावसाळ्यांत वाहून जातो. पालापाचोळा, शेण, मुळ्या कुजून मातीत जे उरते त्यात सेंद्रिय कर्ब असतो. माती परीक्षणात तो ०.५० टक्क्यांच्या खाली आला तर कमी समजतात, ०.७५ टक्क्यांच्या वर असला तर चांगला. कर्ब असलेली माती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाने ओढ दिली तरी पीक तग धरते. हाच कर्ब जळून हवेत गेला की उष्णता वाढवणाऱ्या वायूत भर पडते. बांधावर पऱ्हाट्या पेटवल्या की दोन्हीकडून तोटा! गुरे कमी झाली, शेणखत आटले, वर्षानुवर्षे तेच पीक आणि वर नुसता युरिया. व्याज संपले आणि आपण मुद्दल खाऊ लागलो.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. तीत जमिनीच्या बारा घटकांची तपासणी होते. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. गावोगाव तो ‘पोकरा’ म्हणून ओळखला जातो. पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्ह्यांतील पाच हजारांवर गावे त्यात होती. बदलत्या हवामानात तगणारी शेती हा त्याचा हेतू. भूमिहीनांसाठी शेळीपालनासारख्या गोष्टीही त्यात होत्या. पण ठिबक असो, शेततळे असो की फळबाग, दारात पहिला प्रश्न एकच: “सातबारा आणि आठ-अ आणला का?”

इथेच आपल्या समाजाची वाट अडते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. बायाबापड्या, कडेवरची लेकरे यांच्यासह लोक तुरुंगात गेले. मागणी होती पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचे ठरले. तरीही अनेक गावांत आजोबांनी दगड वेचून, मुरमाड माळात बांध घालून केलेली शेती नातवाच्या नावावर लागलेली नाही. नाव नाही म्हणून अनुदान नाही, पीककर्ज नाही. आणि उद्या ही जमीन काढून घेतली तर, या भीतीने तो बांधावर झाडही लावत नाही. ज्याचा उद्याचा भरवसा नाही, तो दहा वर्षांनी फळ देणारी मेहनत आज कशी करील?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर भांडवल, अवजारे, बैल किती लागतात त्यावर ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. ते सूत्र आजही लागू पडते. कसणाऱ्याच्या हाती कागद द्या, म्हणजे भांडवल येईल, भांडवल आले की माती टिकेल.

कोणी म्हणेल, गायरान हे गुरांचे, गायरान राखणे हेच पर्यावरण. म्हणणे खोटे नाही. गावकुरण बळकावून इमले बांधणाऱ्यांना हटवलेच पाहिजे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश देतानाही, शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद मान्य केला आहे. बळकावणारा आणि पोटासाठी कसणारा यांना एकाच तराजूत तोलू नये.

आता आपण काय करायचे? गायरान कसणाऱ्यांनी दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे जपून ठेवावेत आणि तलाठ्याकडे गाव नमुना १-ई मध्ये नोंद आहे का ते पाहावे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांसाठी २००४ पासून दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तीत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहीर, पंप, ठिबक यांसाठी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात विचारावे.

आणि रानात? नांगरट व पेरणी उताराला आडवी करा. पऱ्हाट्या, पाचट जाळू नका, कुजवा. सोयाबीन-कापसात तुरीची ओळ घाला, जमेल तिथे ताग किंवा धैंचा गाडा. माती तपासायला देताना आठ-दहा ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन मिसळा आणि त्यातली अर्धा किलो द्या. झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची घेऊ नका.

शहरातल्या बांधवांना एक विनंती. सामाईक सातबाऱ्यावर आपले नाव असेल तर गावचा भाऊ विहिरीसाठी संमतीची सही मागतो तेव्हा टाळाटाळ करू नका. वडील गेल्यावर वारसनोंद वेळेवर करा आणि तीत आई-बहिणींची नावे गाळू नका. आपली एक सही अडली की गावाकडची विहीर अडते, आणि रोज उन्हात राबणारा भाऊ पुन्हा पावसाकडे डोळे लावून बसतो.