टाच वळवा, पाय सुटेल!

शर्यतीतल्या सायकलस्वारांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. त्यांचे बूट पायडलाला चिकटवल्यासारखे दिसतात. शर्यतीत सिग्नल नसतो, ठीक आहे. पण आपल्या रस्त्यावर अचानक गाय आडवी आली तर असा अडकलेला पाय जमिनीवर टेकायचा कसा? तुम्ही किंवा तुमचा दादा असली पायडले घेणार असाल, तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारा.

पूर्वी शर्यतपटू पायडलाच्या पुढे धातूचा एक पिंजरा बसवत आणि चामड्याच्या पट्ट्याने पाय आवळून घेत. हा पिंजरा म्हणजे टो-क्लिप. उतरायचे तर वाकून हाताने पट्टा सैल करायचा, मग पाय मागे ओढून घ्यायचा. नव्या पायडलाला हा पिंजरा नाही, म्हणून त्याचे नाव 'क्लिपलेस', म्हणजे बिनक्लिपचे. गंमत अशी, की पाय मात्र त्यात चांगलाच पक्का अडकतो!

ही युक्ती आली बर्फावरून. लूक ही फ्रेंच कंपनी स्कीच्या फळ्यांना बूट अडकवणारे खटके बनवत असे. स्की करणारा पडून त्याचा पाय पिळवटू लागला, की खटका आपोआप सुटलाच पाहिजे. नाहीतर हाड मोडायचे. १९८४ मध्ये कंपनीने हाच विचार पायडलात उतरवला. १९८५ साली बर्नार इनो याने ही पायडले वापरून 'तूर द फ्रान्स' ही शर्यत जिंकली आणि टो-क्लिपचे दिवस भरले.

बुटाच्या तळाला, चवड्याखाली, 'क्लीट' नावाचा एक छोटा तुकडा स्क्रूने बसवतात. त्याचे टोक पायडलात घालून दाबले, की स्प्रिंगचा खटका 'कट्'कन बसतो. आता विचार करा. पायडल मारताना पाय खाली दाबतो, पुढे जातो, मागे जातो, वर येतो. यांतल्या एखाद्या हालचालीने खटका सुटू लागला तर घातच! मग सुटण्यासाठी हालचाल उरली कोणती? टाच बाहेर वळवण्याची. पायडल मारताना तिची गरजच पडत नाही. शिवाय क्लीटपासून टाचेपर्यंतचे अंतर ही एक लांब तरफच आहे. त्यामुळे ताठ स्प्रिंगसुद्धा थोड्या जोराने उघडते.

पाय अडकवला की वर ओढतानाही बळ मिळते, असे दुकानदार सांगेल. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलस्वारांना मुद्दाम पाय वर ओढायला लावले, तेव्हा तेवढ्याच कामाला त्यांची अधिक ऊर्जा खर्च झाली! खरा फायदा साधा आहे: खडबडीत किंवा ओल्या रस्त्यावर पाय घसरत नाही, आणि चवडा नेमक्या जागी राहतो. शाळेत किंवा बाजारात जाण्यापुरती सायकल असेल, तर रुंद, खरखरीत साधे पायडलच बरे, असे मला वाटते. लांबच्या सहलींचा नाद असेल तर मात्र पुढे वाचा.

तीन स्क्रूंचे मोठे क्लीट तळाबाहेर येते. ते घालून चालणारा बदकासारखा दिसतो. दोन स्क्रूंचे छोटे क्लीट तळाच्या खाचेत लपते. शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये आणलेली 'एसपीडी' पद्धत याच जातीची. हौशी माणसाने हीच घ्यावी. एका बाजूला खटका आणि दुसरी बाजू सपाट, अशी पायडलेही मिळतात. गर्दीत सपाट बाजू वापरता येते. क्लीट मात्र पायडलाला जुळणारेच हवे.

बुटाचा तळ जरा ताठ हवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहातच. पायडल लहान, तळ मऊ असला तर सगळा दाब तळपायावर एकाच ठिकाणी येतो आणि तो दुखू लागतो. ताठ तळ तो दाब पसरवतो. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात.

आधी स्प्रिंगचा स्क्रू अगदी सैल करा. भिंतीला धरून दोन्ही पाय वीस-वीस वेळा अडकवा आणि सोडवा. रस्त्यावर चाक फिरत असतानाच पाय मोकळा करा. सायकल थांबल्यावर आठवण झाली, तर उशीर झालेला असतो. नवशिके बहुधा असेच, उभ्या-उभ्या आडवे होतात. आणि हो, जुने पायडल काढताना लक्षात ठेवा: डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. तिथे पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो.