झिंबाब्वेतील मक्याचे पीक-अवशेष

मक्याची कणसे काढून घेतल्यावर शेतात उरणारी ताटे, पाने, कणसांवरील आवरणे व धसकटे यांना एकत्रितपणे पीक-अवशेष म्हणतात. आग्नेय आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशात मका हे मुख्य अन्नधान्य असून त्याचे पीठ शिजवून केलेला ‘सद्झा’ हा तेथील नित्याचा आहार होय. त्यामुळे अवशेषांतही मक्याचाच वाटा मोठा आहे. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याला ज्वारीच्या कडब्याचे जे मोल वाटते, तेच तेथील लहान शेतकऱ्याला या ताटांचे वाटते.

अवशेषांचे प्रत्यक्ष वजन कोणताही देश दरवर्षी करीत नाही. धान्योत्पादनावरून ते अनुमानाने काढतात. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शक पद्धतीनुसार मक्याच्या दर हेक्टरी शुष्क धान्योत्पादनास (टनांत) १.०३ ने गुणून त्यात ०.६१ मिळविले असता जमिनीवरील अवशेषांचे शुष्क वजन मिळते. हेक्टरी ५ टन दाणे देणाऱ्या शेतात या हिशोबाने दर टन दाण्यामागे सु. १ टन, तर हेक्टरी १ टन देणाऱ्या शेतात सु. १.५ टन अवशेष पडतात. म्हणजे पीक जितके दुबळे, तितके दाण्याच्या मानाने ताट अधिक. जागतिक आकडेवारीतील १९६१ पासूनच्या मालिका अशाच पद्धतीने तयार झालेल्या असल्याने त्यांत दिसणारे चढउतार हे वस्तुतः धान्याचे व पेरणीक्षेत्राचे चढउतार असतात, हे वाचकाने ध्यानी ठेवावयास हवे.

हे चढउतार तीव्र आहेत. तत्कालीन दक्षिण ऱ्होडेशियात १९६० मध्ये सॉल्झबरी (आताचे हरारे) येथील संशोधनकेंद्रातून ‘एसआर-५२’ हा उंच वाढणारा, उशिरा पक्व होणारा संकरित वाण प्रसृत झाला व मोठ्या व्यापारी शेतांवरील उत्पादन झपाट्याने वाढले. १९७० नंतरच्या दशकात कमी मुदतीचे संकरित वाण आले. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर बियाणे, खते व कर्जपुरवठा लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला आणि ते वाण त्यांच्या शेतांत पसरले. १९८१ मध्ये उत्पादन सु. २८ लक्ष टन झाले. १९९१-९२ च्या अवर्षणात ते सु. ३.६ लक्ष टनांवर, म्हणजे आधीच्या वर्षाच्या चतुर्थांशाहूनही खाली आले. २००० नंतरच्या जमीन-पुनर्वाटपात मोठी शेते मोडली, क्षेत्र विस्तारले, पण हेक्टरी उत्पादन घटले. २०२१ च्या चांगल्या पावसात उत्पादन पुन्हा सु. २७ लक्ष टन झाले, तर २०२३-२४ च्या एल निनोजन्य अवर्षणात ते निम्म्याहूनही कितीतरी खाली गेले. १९८१ व २०२१ या दोन वर्षांचे धान्य जवळजवळ सारखे असले, तरी २०२१ मध्ये ते बऱ्याच अधिक क्षेत्रावर विखुरलेले होते. साहजिकच अनुमानित अवशेषांची एकूण राशी मोठी, पण प्रत्येक शेताच्या वाट्यास आलेला थर पातळ होता.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न या अवशेषांचे पुढे काय होते, हा आहे. काढून नेलेल्या भागाची माहिती नसल्यास तो शून्य धरावा, असे उपर्युक्त पद्धतीत सांगितले आहे. परिणामी कागदावर ताटांतील नत्र जमिनीत परत गेलेले दिसते. झिंबाब्वेच्या सामुदायिक क्षेत्रांत प्रत्यक्ष व्यवहार निराळा आहे. तेथे कापणी साधारणतः एप्रिल ते जूनमध्ये होते आणि पाऊस नोव्हेंबरपर्यंत येत नाही. कापणीनंतर शेते गावाच्या सर्व गुरांना मोकळी सोडण्याची रूढी असल्याने उभ्या ताटांवर मालकाचा एकट्याचा हक्क राहत नाही. काही शेतकरी ताटे गाडीत भरून गोठ्याजवळ माच्यावर रचून ठेवतात. प्रथिनांचे प्रमाण जेमतेम ३–५% असल्याने हा चारा निकृष्टच. तथापि कोरड्या हंगामाच्या शेवटी नांगराचे बैल जगविण्यास तोच आधार असतो. गुरांचे शेण गोठ्यातून शेतात जाते, पण ज्याच्याकडे गुरे नाहीत त्याच्या शेतातील नत्र दुसऱ्याच्या उकिरड्यात जमा होते. उरलेसुरले वाळवी फस्त करते.

ही वजाबाकी तेथील जमिनीला परवडणारी नाही. सामुदायिक क्षेत्रांतील बरीचशी जमीन ग्रॅनाइटपासून बनलेली, वाळूमय व सेंद्रिय द्रव्यात अत्यंत दरिद्री आहे. ताटांचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन व धूप कमी होते, म्हणून ते ठेवावे असा आग्रह आहे. २०२०-२१ च्या हंगामापासून शासनाने मोठ्या प्रमाणावर राबविलेल्या ‘फुम्वुद्झा’ योजनेत (एन्देबेले भाषेत ‘इन्त्वासा’) ३९ मी. × १६ मी. च्या तुकड्यात नांगरट न करता खड्ड्यांत मका लावून जमीन आच्छादित ठेवणे अपेक्षित असते. पुरेशा आच्छादनास हेक्टरी २–३ टन ताटे लागतात. हेक्टरी १ टन दाणे देणारे शेत सगळी मिळून १.५ टनच देते. सु. ३०० किग्रॅ. वजनाच्या एका गाईला पाच महिन्यांत १ टन शुष्क चारा लागतो, हे पाहता गाय की जमीन हा पेच किती खरा आहे ते कळते. शिवाय कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे असल्याने ताटे कुजताना सूक्ष्मजंतू जमिनीतील नत्र ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. खताविना केवळ आच्छादन पहिल्या हंगामात नुकसानही करू शकते. योजनेतील तुकडा जेमतेम ०.०६ हेक्टर असल्याने त्यापुरते रानगवत व झाडांचा पाला गोळा करून भागते. उरलेल्या शेतातील ताटे अद्याप गुरांकडेच जातात.