विश्लेषण : द्वेषाला प्रेमाने उत्तर म्हणजे गप्प बसणे? ख्रिस्ती विचार काय सांगतो...

धर्मावरून शिवीगाळ झाली, धमकी आली तर काय करायचे? ‘प्रेमाने वागा’ एवढे सांगून भागते का? ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न जुनाच आहे. महाराष्ट्रात तो ठळकपणे समोर आला २०१९ मध्ये आणि तोही साहित्य संमेलनाच्या निमित्ताने.

काय घडले होते?

उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी सप्टेंबर २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची एकमताने निवड झाली. ते वसईतल्या नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ चालवले, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला, ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरले. पण निवडीनंतर पुस्तके बाजूला राहिली आणि चर्चा झाली ती त्यांच्या झग्याची. धर्मगुरूला अध्यक्ष का केले, म्हणून समाजमाध्यमांवर मोहीम चालली. साहित्य महामंडळाला धमकीचे फोन आले. उद्घाटक ना. धों. महानोर यांच्यावरही न येण्यासाठी दबाव आला. ते आले.

१० जानेवारी २०२० रोजी पोलीस बंदोबस्तात संमेलन सुरू झाले. पाठीच्या दुखण्याने त्रासलेल्या दिब्रिटोंनी भाषण केले. दिल्लीतील विद्यार्थ्यांवरील हल्ल्याचा निषेध केला, धर्माच्या नावावर होणाऱ्या हिंसेवरही स्पष्ट बोलले. धमक्या आल्या म्हणून विषय बदलला नाही आणि धमक्या देणाऱ्यांच्या धर्माला नावेही ठेवली नाहीत. संमेलनाचे अध्यक्ष झालेला पहिला ख्रिस्ती धर्मगुरू बोलत होता, ती जागा होती संत गोरोबा काका साहित्यनगरी.

बायबलमध्ये याला आधार काय?

प्रीती धरून सत्य बोलावे, हा विचार पौलाच्या इफिसकरांस पत्रात येतो. तो अनेकदा अर्धाच सांगितला जातो. कुणी ‘प्रीती’ धरून सत्य गिळतो, कुणी ‘सत्य’ म्हणत समोरच्याला झोडपतो. याकोबाच्या पत्रात तर थेट तक्रार आहे, की ज्या जिभेने देवाची स्तुती करता तिनेच देवाने घडवलेल्या माणसांना शाप कसे देता?

योहानाच्या शुभवर्तमानातला विहिरीकाठचा प्रसंग मराठी वाचकाला लगेच कळेल. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवत नसत. येशू मात्र शोमरोनी बाईकडे आधी पाणी मागतो. ती चकित होते : तुम्ही आमच्या हातचे पाणी कसे मागता? मग संभाषण पुढे जाते आणि तिच्या आयुष्यातले अवघड सत्यही येशू तिच्यासमोर मांडतो. क्रम महत्त्वाचा आहे. पाणी आधी, सत्य नंतर. महाडचे चवदार तळे ज्या राज्यात आहे, तिथे हातचे पाणी मागण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पण येशू कठोर बोलला नव्हता का? बोलला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो शास्त्री-परूश्यांना ढोंगी म्हणतो, सापही म्हणतो. मात्र हे शब्द होते स्वतःच्याच समाजातल्या धर्माधिकाऱ्यांसाठी, सामान्यांवर ओझी लादणाऱ्यांसाठी. दुबळ्या परक्या समाजावर त्याने ते फेकले नाहीत. द्वेष आणि टीका यांतला फरक इथे दिसतो.

ख्रिस्ती प्रचारकांनी हे पाळले का?

नेहमी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या काही मिशनऱ्यांनी हिंदू देवदेवतांची टिंगल करणाऱ्या पुस्तिका वाटल्या. लोक दुखावले, उत्तरे तितकीच जळजळीत आली. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी मुंबईच्या समुद्रकिनारी समोरासमोर वाद घालत. तो वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकी मिशनऱ्यानेच संकलित केला. निदान तिथे प्रतिपक्ष समोर उभा होता आणि त्याला उत्तर द्यायची सोय होती. आजच्या फॉरवर्डमध्ये ती नसते.

क्षमा केली म्हणजे तक्रार करायची नाही?

असे नाही. ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जाळून मारण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली, कुष्ठरुग्णांची सेवाही सुरू ठेवली. खटला मात्र चालला आणि शिक्षा झाल्या. मनातला सूड सोडणे ही एक गोष्ट, गुन्ह्याची दखल घेणे ही दुसरी.

कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेत द्वेषमूलक वक्तव्याची वेगळी व्याख्या नाही. धर्म, जात, भाषा आदी कारणांवरून गटांत शत्रुत्व वाढवल्यास कलम १९६ लागते. तीन वर्षांपर्यंत, तर प्रार्थनास्थळी असा गुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतुपुरस्सर, द्वेषबुद्धीने धर्माचा अवमान करून भावना दुखावल्यास कलम २९९ आहे. अशा वक्तव्यांवर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. म्हणजे मेसेज वसईत फिरो की भंडारा जिल्ह्यातल्या शहापुरात, कलम तेच आणि तो पुढे ढकलणाऱ्यालाही जाब द्यावा लागू शकतो. मेसेज डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट, तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक जपून ठेवावा. पोलीस ठाण्यात तोच पुरावा कामी येतो.