कारखान्यात घडलेले घर : परवडते किती, टिकते किती?

अन्नवस्त्राची तरतूद कशीबशी झाली तरी स्वतःच्या घराची विवंचना सामान्य कुटुंबाला आयुष्यभर पुरते. चिरे, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांचे दर वर्षागणिक चढत असता, तयार भिंती ट्रकमधून आणून काही आठवड्यांत घर उभे करून देण्याचे आश्वासन कोणालाही मोहात पाडील यात नवल नाही. अशा घराला पूर्वरचित अथवा बोलीभाषेत ‘प्रीफॅब’ घर म्हणतात. ते घ्यावे की न घ्यावे, याविषयी खेडोपाडी विचारणा होऊ लागली आहे. म्हणून या विषयाची सांगोपांग माहिती येथे देत आहोत.

मुळात ही कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेल्यांसाठी ब्रिटनने १९४४ च्या कायद्यान्वये दीड लाखाहून अधिक तात्पुरती पूर्वरचित घरे उभारली. आपल्या देशातही स्वातंत्र्यानंतर लगोलग, फाळणीने निर्वासित झालेल्या कुटुंबांना झटपट निवारा मिळावा या हेतूने, दिल्लीच्या जंगपुरा भागात सरकारी गृहनिर्माण कारखाना काढण्यात आला. परंतु तेथील भिंतींचे फलक अपेक्षेइतके मजबूत निघेनात आणि घरे तयार करण्याचा तो प्रयोग थोड्याच काळात आटोपता घ्यावा लागला. पुढे १९५३ मध्ये त्याच जागी ‘हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी’ ही कंपनी उभी राहिली व १९७८ मध्ये तिचे नाव ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ असे झाले. कारखान्यात घडलेली वस्तू आपोआप पक्की व स्वस्त असते, हा समज तेव्हापासूनच तपासून घेण्याजोगा ठरला आहे.

अलीकडचे उदाहरण इंदूरचे आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०२१ रोजी देशातील सहा शहरांत नव्या बांधकाम तंत्रांच्या पथदर्शी प्रकल्पांचा पायाभरणी समारंभ केला. त्यांत इंदूरचा समावेश होता. येथे पोलादी सांगाडा उभारून त्यात तयार फलक बसविण्यात आले. फलकाच्या दोन्ही बाजूंना पातळ कठीण तक्ते आणि मध्ये सिमेंट, वाळू, औष्णिक केंद्रातील राख व थर्माकोलचे मणी यांचे मिश्रण, अशी त्याची घडण असते. भिंत हलकी होते, उष्णता कमी शिरते आणि गिलाव्याचे काम बव्हंशी वाचते. सुमारे १२८ कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. एक हजाराहून थोडी अधिक घरे त्यात आहेत, म्हणजे घरामागे सुमारे साडेबारा लाख रुपये पडले. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले होते, हा आकडा शेजारी ठेवून पाहावा. बहुमजली शहरी इमारत आणि गावातील बैठे घर यांची थेट तुलना करणे अन्यायाचे होईल हे खरे. पण नवे तंत्र म्हणजे कमी खर्च, हे समीकरण मात्र त्यातून सिद्ध होत नाही. या तंत्राचा खरा लाभ वेळेचा आहे.

आणि वेळेचा लाभही संख्येवर अवलंबून असतो. एकाच साच्यातून हजार भिंती काढल्या तर साच्याचा खर्च विभागला जातो. डोंगराच्या कुशीतील वाड्यावर एकच घर उभारावयाचे असेल, तर लांब ट्रक त्या वळणावर वळेल काय, क्रेन उभी राहावयास जागा आहे काय, हे प्रश्न आधी येतात. शिवाय जाहिरातीतील किंमत बहुधा भिंती व छपराचीच असते. पाया, जोते, विहीर किंवा नळ, शौचालयाचा खड्डा, विजेची जोडणी यांचा खर्च चिऱ्याच्या घराइतकाच येतो. म्हणून दर मागताना तो वाहतूक, जोडणी आणि पायासह लेखी मागावा.

दुसरी गोष्ट सांध्यांची. फलक कितीही उत्तम असला तरी घर टिकते ते सांध्यांवर. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली फलकांच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा पत्त्यांसारखा कोसळला; चार जण दगावले. बैठ्या घराला असा धोका संभवत नाही. त्याचा शत्रू वेगळा आहे : आपला पाऊस. गोव्याच्या चार महिन्यांच्या धारांत सांध्यातील भरण निसटले की भिंत आतून ओल धरते, आणि किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने पोलादी खिळे व पट्ट्या गंजतात. विक्रेत्याने पूर्वी उभारलेले, निदान दोन पावसाळे पाहिलेले घर स्वतः जाऊन पाहावे. तेही शक्यतो जुलैमध्ये. नमुन्याचे घर दिवाळीनंतर दाखविण्याकडे विक्रेत्यांचा कल असतो, तो का हे सांगणे नलगे!

तिसरी बाब गृहिणींनी विचारावी अशी आहे. खेड्यातील घर एकदा बांधून संपत नाही. मुलाचे लग्न ठरले की एक खोली वाढते, गुरांसाठी पडवी उतरते, भिंतीत फडताळ काढावे लागते. चिऱ्याच्या भिंतीत हे काम गावचा गवंडी करतो. फलकांच्या घरात मात्र त्याच बनावटीचा फलक मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि कंपनी बंद पडली तर पंचाईत होते. नुसत्या फेसाचे पोट असलेले पत्र्याचे फलक आगीत विषारी धूर सोडतात, तेव्हा जेथे चूल पेटते तेथे ते न वापरणे बरे.

मग मध्यम मार्ग नाही काय? आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली फळी-तुळईची पद्धत आमच्या मते ग्रामीण भागाला अधिक मानवणारी आहे. भिंती स्थानिक चिऱ्याच्या वा विटांच्याच ठेवावयाच्या. फक्त छपरासाठी सुमारे ३० सेंटिमीटर रुंद व दीड मीटरपर्यंत लांब काँक्रीटच्या फळ्या आणि त्यांना आधार देणाऱ्या लहान तुळया गावातच साच्यात ओतून घ्यावयाच्या. फळी दोन माणसे उचलतात, तुळईला चार-सहा पुरतात. क्रेन नको, फळ्यांखाली ठोकावयाचे लाकडी सेंट्रिंगही नको. त्या बसवून वर लोखंडी सळ्यांसह काँक्रीटचा पातळ थर ओतला की छप्पर एकसंध होते. पंचायतीतील आठ-दहा घरकुले एकाच वेळी निघत असतील तर साचे सामाईक ठेवता येतात आणि गावच्या गवंड्याला नवे कसबही मिळते.

शेवटी परवान्याविषयी. बोल्टने जोडलेले घर ‘हलविता येते’, सबब त्याला परवाना लागत नाही, असे सांगणारे भेटतात. त्यांवर विसंबू नये. घर चिऱ्याचे असो वा फलकांचे, १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याखाली पंचायतीची परवानगी आणि शेतजमीन असल्यास रूपांतराची सनद ही लागतेच. मुंडकार कुटुंबांनी तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मामलेदार कचेरीत आपली नोंद झाली आहे किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी.