सादळलेला चिवडा आणि ताणलेला कंदील

भाद्रपद सरत आला की आकाश निवळू लागते. आश्विनात स्वच्छ ऊन पडते आणि घरोघरी दोन उद्योग सुरू होतात. स्वयंपाकघरात फराळाची तयारी होते, तर ओसरीवर मुले आकाशकंदिलासाठी कामट्या तासत बसतात. वरवर पाहता या दोन उद्योगांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: पदार्थातल्या पाण्याचे काय करायचे? दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना घरच्या घरी अभ्यासता येईल असा हा विषय आहे.

ऊन आणि कोरडेपणा

आपण म्हणतो, ‘उन्हाने वाळते.’ हे अर्धेच खरे आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. त्यात २४ ग्रॅम बाष्प असेल तर सापेक्ष आर्द्रता ८० टक्के झाली, १२ ग्रॅम असेल तर ४० टक्के. पहिल्या हवेत आणखी बाष्प घेण्याची ताकद फारशी उरलेली नसते, दुसरीत भरपूर असते. म्हणून श्रावणातल्या उघडिपीत न वाळणारे पोहे आश्विनात तेवढ्याच उन्हात वाळतात. ऊन उष्णता देते, पण पाणी वाहून नेण्याचे काम हवा करते.

ही कोरडी हवा नेमकी कधी येईल, याची हमी मात्र पंचांग देत नाही. हवामान खात्याने २०२० साली मोसमी वाऱ्यांच्या परतीच्या सरासरी तारखा सुधारल्या. परतीचा प्रवास वायव्य राजस्थानातून सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. मुंबईसाठी ती २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. एखाद्या वर्षी दिवाळी लवकर आली, तर फराळाची वाळवणे आणि परतीचा पाऊस यांची गाठ पडू शकते.

पातळ पोह्यांचा चिवडा

साहित्य: अर्धा किलो पातळ पोहे, एक वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी पंढरपुरी डाळे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप, आठ-दहा हिरव्या मिरच्या, मूठभर कढीलिंब, एक वाटी तेल, मोहरी, हिंग, हळद, मीठ आणि थोडी पिठीसाखर.

पोहे चाळून कडक उन्हात दोन-तीन तास पसरावेत. नंतर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, चुरा होऊ न देता, चुरचुरीत होईपर्यंत भाजावेत. तेल तापवून त्यात शेंगदाणे, खोबरे व डाळे क्रमाने तळून काढावे. त्याच तेलात मोहरी तडतडली की मिरच्यांचे तुकडे व कढीलिंब घालावा आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत परतावे. मग हिंग-हळद घालून पोहे आणि तळलेले जिन्नस त्यात मिसळावेत. शेवटी मीठ व पिठीसाखर घालावी. चिवडा पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा.

आता यातली एकेक पायरी तपासू. कोरड्या पोह्यातील स्टार्चच्या लांब साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात. या स्थितीला काचसदृश अवस्था म्हणतात. काच वाकत नाही, फुटते. तसाच चुरचुरीत पोहा दाताखाली आवाज करत मोडतो. पाण्याचे रेणू या साखळ्यांमध्ये शिरले की त्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि पोहा चिवट होतो. यालाच आपण ‘सादळणे’ म्हणतो.

मिरची परतताना येणारे बुडबुडे तेलाचे नसतात, मिरचीतल्या पाण्याच्या वाफेचे असतात. हिरव्या मिरचीत चार पंचमांशाहून अधिक पाणी असते. बुडबुडे थांबणे ही पाणी संपत आल्याची खूण. मिरची अर्धवट ओली राहिली, तर डबा कितीही घट्ट लावा, तिच्यातले पाणी हळूहळू पोह्यांकडे जाते. गरम चिवडा भरला तर त्याची वाफ झाकणाला लागून थिजते आणि थेंब होऊन पुन्हा चिवड्यात पडते.

शेंगदाणा निवडताना

पाण्याचा हा हिशेब केवळ चवीपुरता नाही. साठवलेल्या धान्याभोवतीची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी शेंगदाणा, मका, सुके खोबरे यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक असे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीचा शोध घेता घेता हे विष सापडले.

आपल्याकडची घटना याहून दुःखद आहे. १९७४ च्या शरदात राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा व पंचमहाल भागांत कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. मका नीट वाळला नाही, त्यावर बुरशी चढली. घरात दुसरे धान्य नसलेल्या आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला आणि शंभराहून अधिक माणसे काविळीने दगावली. कारणाचा शोध घेण्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता.

हे विष घरच्या भाजण्याने वा तळण्याने पूर्ण नष्ट होत नाही. म्हणून काळवंडलेला, सुरकुतलेला किंवा बुरशीचा वास येणारा दाणा फेकूनच द्यायचा. आजी सुपात दाणे निवडत बसते, तेव्हा ती अन्नसुरक्षेचेच काम करत असते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

कंदील: तोच स्टार्च, उलटी क्रिया

कंदिलासाठी आधी खळ करू. एक वाटी मैदा अगोदर थंड पाण्यात कालवावा, मग एकूण पाच-सहा वाट्या पाणी होईल इतके घालून मंद आचेवर ढवळत शिजवावा. साधारण ६० अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि मिश्रण चिकट होते. मैदा एकदम गरम पाण्यात टाकला, तर वरचे कण लगेच फुगून आतल्यांपर्यंत पाणी पोचू देत नाहीत. म्हणून गुठळ्या होतात. पोह्यातून आपण पाणी काढले, इथे मुद्दाम घातले. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये.

पंचवीस सेंटिमीटरच्या बारा कामट्या दोऱ्याने बांधून घनाकृती सांगाडा करावा. तो दाबला की तिरका होतो. प्रत्येक बाजूला एक तिरपी कामटी बांधली की ताठ उभा राहतो. चौकोनाचे कोन बदलू शकतात, त्रिकोणाचे बदलत नाहीत, हे भूमितीच्या तासाला सांगितलेले इथे हाताला कळते.

चार बाजूंना पतंगाचा कागद कडांवर खळ लावून चिकटवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मग त्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. (रंग उतरतो का, हे आधी तुकड्यावर पाहावे.) कागद प्रथम ढिला पडतो, मुलांना वाटते, बिघडला. तासाभराने तो ताशासारखा ताणलेला दिसतो. कागदातले सेल्युलोजचे तंतू पाण्याने फुगतात आणि वाळताना आखडतात. कडा चिकटलेल्या असल्याने हे आखडणे सगळा कागद ताणून धरते. आत पणती न ठेवता कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा.

वर्गासाठी प्रयोग

झाकणाच्या दोन सारख्या बरण्या घ्या. पहिलीच्या तळाशी भरपूर मीठ घालून ते जेमतेम ओले होईल इतके पाणी घाला. सगळे मीठ विरघळता कामा नये. अशा मिठावरील बंदिस्त हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. दुसरीत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ घाला. दोन्हींत लहान वाटीतून वजन करून सारखाच चिवडा ठेवा आणि झाकणे घट्ट लावा. तिसरी वाटी उघड्यावर ठेवा. चार दिवस रोज वजन करा आणि दाणा मोडून आवाज ऐका. प्रयोगातला चिवडा खाऊ नये.

उघड्या वाटीचा निकाल गावागावाप्रमाणे बदलेल. रत्नागिरीची शाळा आणि सोलापूरची शाळा यांनी एकाच आठवड्यात हा प्रयोग करून नोंदी एकमेकींना पाठवल्या तर? उघड्या वाटीचे वजन कुठे अधिक वाढेल, आणि मिठाच्या बरणीतल्या चिवड्यात तसाच फरक पडेल का? उत्तर मुलांनी आधी कारणासह लिहून ठेवावे, मगच काट्यावर वाटी ठेवावी.